पाटलीणबाईंची म्होरकी

पुढारी व्हावं असं मनात आलं की माझ्या नाकाच्या दांडीला खाज सुटते. हसू नका, खरंच सुटते. आता वय झालं, मनात येणंही कमी झालं. पण गावात निवडणूक लागली आणि एखादा तरुण गळ्यातले हार सावरत पाया पडायला आला, 'सर, उभा राहतोय, आशीर्वाद द्या' म्हणाला, की माझा हात आपोआप नाकाकडे जातो. मी दांडी चोळत बसतो. पोरांना वाटतं, म्हाताऱ्याला पडसं झालंय. या नाकावर एकदा बैलाची म्होरकी चढली होती आणि ती चढवणारी बाई माझी घरमालकीण होती, हे त्यांना कुठून सांगत बसू?

म्होरकी म्हणजे काय, हेही आता ट्रॅक्टरच्या दिवसांत सांगावं लागतं. बैलाच्या तोंडावरून, नाकाच्या वर फिरवून कानांमागे बांधलेली दोरी. तिला कासरा, म्हणजे लांब दोर, लावला की एवढं मोठं जनावर टोक ज्याच्या हातात तो नेईल तिकडं निमूट चालतं. आमच्या घरमालकीण बाईंच्या डाव्या खांद्यावर अशी एक म्होरकी कायम असे. शेतावर असे, लग्नाच्या मांडवात असे, पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेल्या तेव्हाही होती. देवळाच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या, शेजारी म्होरकी काढून ठेवली, दर्शन घेतलं आणि परत येऊन आधी म्होरकी खांद्यावर टाकली, मग चपला घातल्या. मी सोबत होतो. लोक बघत होते. लाजलो मीच.

निजामाचा अंमल होता. राणीसावरगावच्या अलीकडच्या एका गावात मला मास्तरकी लागली होती. शाळा देवळात, बिऱ्हाड पाटलीणबाईंच्या माळवदी घरात, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. रात्रभर बैलांच्या रवंथाचा आवाज ऐकत मी देशाच्या स्वातंत्र्याचा विचार करायचो. वऱ्हाडाकडून बंदी असलेली वर्तमानपत्रं कडब्याच्या गाडीतून लपतछपत यायची; ती चारदा वाचून झाली की मला वाटायचं, आपण इथं बाराखडी शिकवत बसलोय आणि तिकडं देश आपल्याविना अडलाय. त्या वयात असं वाटतं. वाटायलाच पाहिजे असं माझं अजूनही मत आहे.

बाई पन्नाशीला टेकलेल्या असाव्यात. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की ढाळजेत बसून हाक मारली तर विहिरीवरचा माणूस 'आलो' म्हणायचा. ढाळज म्हणजे आमच्याकडच्या घरात दारातून आत शिरल्याबरोबरची बसायची जागा. तिथं बाई दिवसभर अंबाडीचा वाख घेऊन मांडीवर दोर वळत बसायच्या. अंबाडीच्या पाल्याची भाजी त्यांच्या घरात रोज, आणि खोडाच्या वाखाचा दोर रोज. पाटलाच्या घरच्या बाईनं दोर वळावेत हे गावाला अजिबात पटत नव्हतं. ते काम ज्या जातीचं, तिनंच करायचं, असा रिवाज होता. पण बाईंना कुणी बोललं की त्या एवढंच म्हणायच्या, "दोर वळायलाय, कुनाचा गळा न्हाई."

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पाटीलकीचं वतन बाईंच्या नावावर आलं होतं. बाईमाणसानं चावडीवर बसायचं नाही, म्हणून काम बघायला गुमास्ता नेमलेला, तो म्हणजे त्यांचे धाकटे दीर. वतन वहिनीचं आणि रुबाब दिराचा, अशी ती व्यवस्था होती. दिरांना मधे आडवी येणारी ही वहिनी खुपत होती. दर सणाला नवा फेटा बांधून ते ढाळजेत यायचे आणि वतन आपल्या नावावर करून द्या म्हणून सांगायचे. आणि दर सणाला बाई मान वर न करता विचारायच्या, "कशाला पायजे, भावजी?"

हा त्यांचा सवाल. माणूस पुढं होऊ म्हणाला, कशाच्याही पुढं, की बाई विचारणार, 'कशाला पायजे?' भजनी मंडळात टाळ कुणी धरायचा यावरून भांडण झालं तेव्हा विचारलं. जत्रेत पालखीचा पुढचा दांडा मागणाऱ्याला विचारलं. उत्तर आलं की त्या ते तोंडातल्या तोंडात घोळवून बघायच्या आणि बहुतेक वेळा थुंकून टाकायच्या.

"घराण्याची इज्जत हाय, वैनी," दीर म्हणायचे.

"मंग इज्जत घेऊन जावा. पाटीलकी राहू द्या इथंच."

"लोक इचारायलेत, पाटील कोन म्हणून."

"सांगा की, वैनी हाय. जीभ झडती का?"

एकदा दिरांनी फार विचार करून सांगितलं, गावाचं भलं करायचंय. बाईंनी दोर बाजूला ठेवला. मला वाटलं, पटलं. त्या म्हणाल्या, "भलं करा की. आज पाणंदीत चिखल लय झालाय. मुरूम टाका. त्याला पाटीलकी कशाला लागती? फावडं लागतं." दीर निघून गेले. पाणंदीतला चिखल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच होता.

मी ही गंमत खोलीच्या दारातून बघायचो आणि हसायचो. माझीही पाळी येईल हे मला कळायला हवं होतं.

झालं असं, की एका सकाळी ताज्या वर्तमानपत्राची नशा डोक्यात होती. बाईंना मी म्हणालो, आता फार दिवस नाहीत. ही हुकूमत जाणार. आपल्यातलीच माणसं राज्य चालवणार. बाईंनी विचारलं, कोण? मी मोठमोठी नावं घेतली. त्यांना त्यातलं एकही माहीत नव्हतं. "ते तिकडलं झालं. इकडं कोन?" मी आजूबाजूला पाहिलं. मग छाती काढून म्हणालो, "प्रसंग आला तर मीसुद्धा मागं राहणार नाही."

"कशाला पायजे, मास्तर?"

मी म्हणालो, देशाची सेवा करायची आहे. बाई म्हणाल्या, सेवा करायला गादी कशाला लागते, म्हैस धुवायची तर तळं लागतं, गादी नाही. मी म्हणालो, जनतेला न्याय द्यायचा आहे. त्या म्हणाल्या, काल शाळेत खालच्या अंगाच्या सटवाच्या पोराला दाराबाहेर बसवलंत, आधी त्याला आत घ्या, मग जनतेचं बघू. ते मला झोंबलं. पोराला मी दुसऱ्याच दिवशी आत घेतलं, गावानं चार दिवस शाळेवर बहिष्कार टाकला, ते सगळं वेगळं. पण त्या क्षणी मी चिडलो. म्हणालो, "बाई, कुणीतरी पुढं व्हावंच लागतं. म्होरक्या नसेल तर लोक जाणार कुठं?"

'म्होरक्या' हा शब्द तोंडातून गेला आणि बाई उठल्या. खांद्यावरची म्होरकी काढली, मला काही कळायच्या आत माझ्या तोंडावरून फिरवली, नाकाच्या दांडीवर बसवली आणि कानांमागं गाठ मारली. अंबाडीचा दोर असा खरखरीत, की डोळ्यांत पाणी आलं.

"म्होरक्या म्हंजी कोन?" त्या म्हणाल्या. "म्होरकी असती त्यो म्होरक्या. ज्याच्या तोंडाला दोर हाय आन् दोराचं टोक मागल्याच्या हातात हाय, त्यो. आता चाला म्होरं."

अंगणातल्या गड्यानं म्होरकीला कासरा लावला, त्याचं टोक हातात घेतलं आणि मला खरोखर गोठ्यापर्यंत चालवत नेलं. बैलांनी माझ्याकडे पाहिलं आणि जागा करून दिली.

मास्तर माणूस मी. दोर सोडल्यावर आधी नाक चोळलं आणि मग व्याकरण सांगितलं. म्हणालो, बाई, चूक आहे. म्होरं म्हणजे पुढं. म्होरं चालतो तो म्होरक्या. बैलाच्या म्होरकीशी त्याचा असा काही संबंध नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचा शबद पाटीवरचा हाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "माझा बैलानं घातलेला हाय." त्या वादात मी अजूनही हरलेलो नाही. कोश काढून दाखवू शकतो. पण नाकाला कोश कळत नाही.

त्यानंतर रोज सकाळी भाकरी वाढताना बाई विचारायच्या, "आज काय जवाब आनलाव?" आणि मी रोज नवं उत्तर न्यायचो. कीर्तीसाठी नाही. सूडासाठी नाही. इतिहासासाठी. लेकरांच्या भविष्यासाठी. बाई म्हणायच्या, "हं, आजचा कालच्यापरास बरा हाय," आणि भाजी वाढायच्या. म्हणजे तेही थुंकलंच.

आता सटवाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्या पायामुळं घडलं.

गावाच्या खालच्या अंगाला सटवाचं घर होतं. साहेबलोकांचा दौरा आला की त्यांचं सामान पुढच्या गावापर्यंत गावानं पोचवायचं, ही वेठ. गावानं म्हणजे सटवानं आणि त्याच्यासारख्या चारदोन घरांनी. साहेबाची गादी गुंडाळलेली वळकटी, खाट, पेट्या, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा. कागदावर सरकारनं वेठ बंद केली होती, असं शहरातली माणसं सांगायची. आमच्या पाणंदीत तो कागद आला नव्हता. दौरा लागला की दीर चावडीवरून हाक द्यायचे आणि सटवा पागोट्याची चुंबळ करून आमराईत हजर व्हायचा.

त्या वेळी तहसीलदार आले होते, आमराईत तंबू पडला होता. सटवाच्या पायाला नारू झाला होता. नारू आता गेला, बरं झालं. पायातून सुतासारखा किडा बाहेर येतो, तो हळूहळू काडीला गुंडाळत न्यावा लागतो, तुटला तर पाय सडतो. सटवा काठी टेकत ढाळजेसमोरून गेला आणि चावडीबाहेर लांब उभा राहून दिरांना हात जोडून म्हणाला, "मालक, येवढ्या खेपंला दुसरं कुनी बगा. पाय टेकत न्हाई."

चावडी घरासमोरच. दिरांचं उत्तर ढाळजेत बाईंनी आणि मी ऐकलं.

"नारू पायाला झालाय का डोक्याला? वझं डोक्यावर घ्यायचंय."

चावडीवर हशा पिकला. बाईंच्या हातातला दोर थांबला. थोड्या वेळानं त्यांनी वाखाचा एक मोठा पेंडका घेतला आणि चुंबळ वळायला लागल्या. मी विचारलं, कुणासाठी. त्या म्हणाल्या, "पाटलासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमराईत सामान बांधून तयार होतं. तहसीलदार घोड्यावर बसायच्या बेतात. सटवा काठीवर रेलून उभा. बाई आल्या, पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि वळकटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, हात लावा."

मी हात लावला. का लावला विचाराल तर सांगता येणार नाही, त्या आवाजाला नाही म्हणायची सोय नव्हती. वळकटी बाईंच्या डोक्यावर गेली. मग त्या सावकाश दिरांकडे वळल्या, मान न हलवता, सगळं अंग वळवून.

"भावजी, खाट तुमची."

"वैनी! येड लागलं का?"

"पाटीलकीचं काम तुमी बगता न्हवं? मंग हे त्यातलंच हाय. गावाच्या वतीनं जायाचंय, म्हंजी पाटलानं जावं. उचला."

दीर जागचे हलेनात. तेव्हा बाई घोड्याकडे वळल्या. "सायेब, गुमास्ता सरकारचं काम कराया न्हाई म्हनायलाय. लिवून घ्या."

तहसीलदारांना मराठी जेमतेम समजायचं, पण 'सरकारचं काम' आणि 'न्हाई' एवढं समजलं. त्यांनी दिरांकडे बघून भुवया चढवल्या. दिरांनी नवा फेटा सोडला, त्याची चुंबळ केली आणि खाट डोक्यावर घेतली. चार पाय आभाळाकडे. गावातलं एकही माणूस त्या दिवशी शेतावर गेलं नाही. सगळे मागं चालले. तहसीलदार पुढं घोड्यावर, मान खाली घालून, अधूनमधून "बस करो बाई, बस करो" म्हणत. सटवा रडकुंडीला येऊन सारखा म्हणत होता, पाटलीणबाई, द्या इकडं, मला पाप लागंल. बाई म्हणाल्या, "तू काठी सांभाळ."

पुढच्या गावच्या शिवेवर तिथले पाटील आपली वेठीची माणसं घेऊन उभे होते. पाटलीण डोक्यावर वळकटी घेऊन येताना बघून त्यांचा 'आ' मिटेना. बाईंनी वळकटी त्यांच्या पायाशी ठेवली, घाम पुसला आणि म्हणाल्या, "आमच्या गावचा पाटील हितवर आला. आता म्होरं तुमचा पाटील."

तिथं काय झालं ते बघायला आम्ही थांबलो नाही. पण त्या पाटलांनी बाईंशी नंतर आयुष्यात बोलणं ठेवलं नाही, यावरून काय ते समजा.

दिरांनी अर्ज केला. वहिनीला वेड लागलंय, सबब वतन तिच्या नावावरून काढून आपल्या नावावर करावं. पुरावे भरपूर होते. दोर वळते. खांद्यावर म्होरकी टाकून फिरते. शाळेच्या मास्तराला बैलासारखी म्होरकी घालून गोठ्यात नेलं. आणि शेवटी, पाटलाच्या घरची असून साहेबाचं सामान डोक्यावर घेतलं. अर्ज वर गेला आणि चौकशीला तहसीलदारावरचे साहेब खुद्द आमच्या गावी यायचं ठरलं.

मी घाबरलो. वतन दिरांकडे गेलं की सटवाचं काय होणार हे मला दिसत होतं. खालच्या अंगाच्या सगळ्या घरांना दिसत होतं. साहेब यायच्या आदल्या दिवशी मी बाईंना बसवून घेतलं आणि विनवलं, "उद्या एक दिवस म्होरकी घरी ठेवा. आणि साहेबांनी विचारलं तर नीट उत्तर द्या. मी तयार केलंय." मी म्हणून दाखवलं. घराण्याची परंपरा, गावाची सेवा, रयतेचं कल्याण, सरकारशी इमान. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे तर तुमचेच जवाब हायेत, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी न्हाई म्हनलेले."

चावडीसमोर सतरंजी टाकली होती. साहेब खुर्चीवर, शेजारी चौकशी लिहून घ्यायला पेशकार, एका बाजूला दीर नव्या फेट्यात. बाई आल्या. म्होरकी आणली नव्हती. माझा एवढा शब्द त्यांनी ठेवला होता. पण खांदा मोकळा म्हणून त्यांना कसंसंच होत होतं, हात सारखा तिथं जायचा आणि परत यायचा. बाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदाच भ्यालेलं पाहिलं.

साहेबांनी आधी साधे प्रश्न विचारले. गाव कोणतं, राज्य कुणाचं, महिना कोणता. बाईंनी नीट उत्तरं दिली. दोर का वळता? "बैलं हायेत, सायेब, दोर लागतो." साहेबांनी मान हलवली. मग अर्ज बाजूला ठेवून, खुर्चीत मागं रेलून त्यांनी विचारलं, "बाई, तुमको पाटीलकी कायकू होना?"

पेशकार मराठीत म्हणाला, "सायेब इचारायलेत, पाटीलकी तुमाला कशाला पायजे?"

चावडीसमोर जमलेलं सगळं गाव हसलं. दीर मांडीवर थाप मारून हसले. इतकी वर्षं साऱ्या गावाला छळलेला सवाल आज घरी परत आला होता. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो सवाल घेतला आणि तोंडात घोळवायला लागल्या, तसा जसा त्या दुसऱ्यांची उत्तरं घोळवायच्या. वेळ जायला लागला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, परंपरा म्हणा बाई, कल्याण म्हणा, काहीतरी म्हणा.

"मला न्हाई पायजे," बाई म्हणाल्या.

दीर उठून उभे राहिले. "लिवा सायेब! नको म्हनायलीय! सोताच्या तोंडानं!"

साहेबांनी हातानं त्यांना बसवलं. मग सोडत का नाही, असं पेशकारानं विचारलं.

"सोडली तर भावजीला जाईल. भावजीला गेली तर वळकटी सटवाच्या डोक्यावर जाईल. सटवाच्या पायाला नारू हाय." बाईंचा आवाज आता मूळ पदावर आला होता. "कुनाच्या डोक्यावर जाती ते मला दिसायलंय, सायेब. दिसत नसतं तर कवाच सोडली असती. येक दिस निजले असते सुखानं."

साहेबांनी विचारलं, कोण हा सटवा? सटवा गर्दीच्या मागं काठीवर उभा होता. त्याला पुढं आणलं. चावडीसमोर इतक्या जवळ तो कधी उभा राहिला नसावा. जमिनीकडे बघत राहिला. साहेबांनी सरळ विचारलं, ही बाई वेडी आहे की नाही?

सटवानं बाईंकडे पाहिलं, दिरांकडे पाहिलं.

"येडीच हाय, सायेब," तो म्हणाला.

दिरांचा चेहरा फुलला.

"येडीच हाय," सटवा पुन्हा म्हणाला. "माज्या बापानं वझं वायलं, मी वायलं. सारे शाने पाटील व्हते. शान्यांनी दिलं आन् आमी घेतलं. माज्या डोक्यावरचं काडून सोताच्या डोक्यावर घेनारी ही येकलीच येडी. तिला न्हाई पायजे म्हनायली ते खरं हाय. आमाला पायजे, सायेब. आमाला येडीच पायजे."

कुणी हसलं नाही. मागून खालच्या अंगाची एक बाई म्हणाली, "व्हय, येडीच पायजे." मग आणखी कुणी म्हणालं. मग पाणंदीच्या चिखलात गाडी रुतलेला एक कुणबीही म्हणाला. 'पायजे, पायजे' असा तो आवाज चावडीवर वाढत गेला. माझाही त्यात होता, आणि माझा सगळ्यांत मोठा होता हे मला आवर्जून सांगायचंय.

साहेब पेशकाराकडे वळले, अर्जातली कारणं लिहून घे म्हणून. पेशकारानं टाक दौतीत बुडवला, कागदावर नेला आणि थांबला. साहेबांच्या कानाशी लागून, पण मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला, "हुजूर, बेगार तो बंद है. इनो सामान उठाये सो पागल, ऐसा लिखे तो फिर हमेशा कौन उठाता, वो भी लिखना पडेगा." बेगार म्हणजे आमची वेठच.

साहेबांनी त्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं. मग उठले. "बाई का दिमाग ठिकाने पे है," म्हणाले. "अर्जी खारीज." दिरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण साहेब बूट वाजवत आमराईकडे निघूनही गेले होते.

मी नाचायचाच बाकी होतो. धावत ढाळजेत आलो तर बाई भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. म्होरकी मांडीवर. चेहरा उतरलेला.

"बाई, जिंकलो की आपण!"

"मला वाटलं व्हतं आज सुटका व्हनार," त्या म्हणाल्या. "तुमाला खोटं कशाला सांगू. खांदा रिकामा करून गेले व्हते. लय हलकं वाटायलं व्हतं, मास्तर." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या दिवसांत इतकी उत्तरं केली होती, त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज आला. सटवा होता. ओशाळलेला, मान खाली. "पाटलीणबाई," तो म्हणाला, "सायबाचं सामान आमराईत बांधून पडलंय."

बाईंनी डोळे पुसले. उठल्या. म्होरकी खांद्यावर टाकली, कोनाड्यातली चुंबळ घेऊन डोक्यावर ठेवली आणि निघाल्या. जाता जाता दिरांच्या दारासमोर हाक दिली, "भावजी, खाट!" दार उघडलं नाही.

आम्ही आमराईच्या बांधावर पोचतो तो काय, साहेबांचे शिपाई घाम गाळत सामान उचलत होते. वळकटी, खाट, पेट्या, सगळं साहेबांच्या स्वतःच्या दमणीत कोंबणं चाललं होतं. बाईंना येताना बघून साहेबांनी "जल्दी, जल्दी" केलं. एक पेटी नीट न बांधताच दमणी हाकली. बैल उधळल्यासारखे निघाले आणि पाणंदीच्या वळणापलीकडं नुसती धूळ उरली.

मला हसू आवरेना. मी म्हणालो, "बघितलंत बाई? पळाले! आणि आता आपलं राज्य येऊ द्या, मग तर वेठ नाही, दौरा नाही, वळकटी नाही. कुणाला काही उचलावंच लागणार नाही."

बाई धुळीकडे बघत उभ्या होत्या, डोक्यावर रिकामी चुंबळ.

"राज तुमचं आलं तरी सायेब येनारच, मास्तर," त्या म्हणाल्या. "त्याची वळकटी बी येनार. तवा ती कुनाच्या डोक्यावर जायली तेवढं बगत जावा."

त्यांनी चुंबळ काढली, झटकली आणि माझ्या हातात दिली. मग सटवाला म्हणाल्या, "चल, ऊन व्हायलंय. पाय बगू तुझा."